घंटा, बावखल आणि अर्नाळ्याची होडी

माझ्या आजोबांनी वसईचा किल्ला मला पहिल्यांदा दाखवला तो नाशिकमध्ये. आम्ही अगाशीचे. किल्ला घरापासून एसटीने तासाभरावर. तरीही नात्यातल्या एका लग्नासाठी नाशिकला गेलो असताना वऱ्हाडाला मांडवात सोडून ते मला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळापाशी घेऊन गेले. तिथल्या प्रचंड घंटेकडे बोट करून म्हणाले, "ही आपल्याकडची. हिच्यावरचा आकडा वाच." आकडा होता १७२१. देऊळ बांधलं १७४७ साली. म्हणजे घंटा देवळाहून सव्वीस वर्षांनी जुनी. मग ती आधी कुठे वाजत होती? एवढं विचारून ते गप्प बसले आणि मी उत्तर मागेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. शाळामास्तर होते ते. मुलाला भूक लागल्याशिवाय वाढायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

उत्तर त्यांनी परतीच्या एसटीत दिलं आणि ते कसारा घाट उतरेपर्यंत पुरलं. पुढे हीच गोष्ट मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकली असेन! पण ती कधी तलवारीने सुरू झाली नाही, नेहमी चिखलाने सुरू व्हायची. "वसईचा कोट का घेता येत नव्हता, सांग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, तिसऱ्या अंगाला दलदल. घोडं रुतणार, तोफेचा गाडा रुतणार. उरली एकटी उत्तरेची बाजू, आणि ती फिरंग्यालाही ठाऊक होती." १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं, साष्टी घेतली, आमच्या अगाशीसमोरचं अर्नाळा बेट घेतलं. वसई मात्र दोन वर्षं अडून राहिली. १७३९च्या फेब्रुवारीत बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा स्वतः वेढ्यावर आले. उत्तरेच्या तटाखाली बोगदे खणून सुरुंग पेरायचे, आतल्या लोकांनी ते हुडकून निकामी करायचे, पुन्हा दुसरीकडून खणायचं, असं तीन महिने चाललं. आतला मुख्य अधिकारी मारला गेला, दुसऱ्याने कारभार हाती घेतला. मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली तर त्यांनी चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन पैसे दिले. हे सांगताना आजोबा दर वेळी थांबायचे आणि "शेजारी!" एवढा एकच शब्द उच्चारायचे.

मेच्या मध्यावर सुरुंग उडाले, बुरुजाला खिंडार पडलं, आणि १६ मे १७३९ला शरणागतीची कलमं ठरली. सैन्याने हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडावं. नागरिकांनी आपलं सामान न्यावं. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. या शेवटच्या कलमावर आजोबांचा फार जीव. "जिंकल्यावर हे लिहून देणं," ते म्हणायचे, "याला पोट लागतं." काळीज म्हणायच्या जागी ते पोट म्हणत असत.

मराठ्यांची माणसं हजारोंनी पडली होती. त्या मोबदल्यात वसई मिळाली, आणि वसईबरोबर चर्चमधल्या घंटा. त्या गावोगावी गेल्या. एक नाशिकला, एक भीमाशंकरला, एक पालीच्या बल्लाळेश्वराला, एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. नाना फडणविसांच्या गावात, महादेवाच्या देवळाशी, मरियम आजही तशीच आहे. कोणी ती घासून काढली नाही. भिवंडीजवळ वडवलीला वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं, कारण चिमाजी आप्पांनी देवीला नवस बोलला होता. पुढच्याच वर्षी, १७४०च्या एप्रिलमध्ये, बाजीराव गेले. डिसेंबरात चिमाजी आप्पा गेले. गोष्टीच्या शेवटी आजोबा हे दोन महिने सांगायचे आणि उठून वाडीत पाणी सोडायला जायचे.

त्या घंटांची दुसरी बाजू मला गिरीज गावच्या एका आजीने सांगितली.

ती माझ्या आजीची मैत्रीण. मैत्री पापडीच्या बाजारात झाली. दोघी शेजारी बसून विडा करायच्या, दोघींच्या टोपलीत पानवेलीची पानं आणि केळी. गिरीजची आजी सामवेदी ख्रिस्ती. अंगावर लाल लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, बोलणं कादोडी. आमच्या भागात सामवेदी ब्राह्मणही आहेत आणि सामवेदी ख्रिस्तीही. देव वेगळे झाले, बोली एकच राहिली. गणपतीत ती आमच्याकडे यायची, नाताळात आम्ही तिच्याकडे. आमच्या घरातली मोहीम तिला तोंडपाठ होती. एकदा आजोबा माडाखाली खाटेवर बसून ती कोणा पाहुण्याला ऐकवत होते, तेव्हा मला माजघरात ओढून ती म्हणाली, "मास्तर घंटा नेल्याचं सांगतात. नेल्यावर काय झालं ते मी सांगते."

तिच्या सासूने तिला, आणि सासूला तिच्या सासूने सांगितलेली ही हकिकत. किल्ल्यातून होड्या भरभरून माणसं गेली. गोरे पाद्री बहुतेक गेले. ज्यांची जमीन इथे, विहीर इथे, गाईगुरं इथे, ते कुठे जाणार? ते राहिले. पहिल्या रविवारी कोणाला कळेना, प्रार्थनेला निघायचं केव्हा. दोनशे वर्षं सगळा दिवस घंटेवर चाललेला: उठायचं घंटेवर, रहाट थांबवायचा घंटेवर, मयताला निघायचं घंटेवर. मग एका म्हाताऱ्याने पहाटे उठून वाडीवाडीतून हाक देत फिरायला सुरुवात केली. तो थकला तेव्हा त्याचा मुलगा फिरला. "किती वर्षं?" मी विचारलं. "नवी घंटा येईपर्यंत," ती म्हणाली. तिच्या घराण्यात काळ असाच मोजत असत.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या बोलण्याने. पोर्तुगीजांबद्दल तिला कणभर हळहळ नव्हती. त्यांच्या राज्यात आपली माणसं दिवसभर किल्ल्यात दगड वाहायची, पालख्या वाहायची, आणि दिवेलागणीला दरवाजे लागायच्या आत त्यांना बाहेर हाकलत असत, रात्री आत राहायचा हक्क फक्त बड्यांचा, असं ती रागाने सांगायची. देवळं पाडली गेली आणि जमिनी कोणाकोणाच्या मठांकडे गेल्या, हेही ती लपवत नसे. तिचे पूर्वज त्याच जमिनीवर राबलेले. राज्य गेलं त्याचं तिला सुखदुःख नव्हतं. "पण घंटा फिरंग्याची नव्हती रे," ती म्हणायची. "ती गावाच्या पैशाची. आमच्या बायकांनी कानातलं उतरवून दिलेलं त्यात वितळलंय."

मी माजघरातून बाहेर आलो तेव्हा आजोबा खिंडारापर्यंत पोचले होते. मला त्या दिवशी दोघांपैकी कोणी खोटं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या एका कलमावर आजोबांचा जीव होता, त्याच कलमाच्या आधाराने या बाईचं घर तिथे टिकलं होतं. चिमाजी आप्पांच्या पराक्रमाचा अभिमान धरायचा आणि हाक देत फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्यासाठी गलबलून यायचं, या दोन गोष्टी एकाच छातीत मावतात. आमच्या गावात त्या मावत आल्या आहेत.

किल्ल्यात मी खऱ्या अर्थाने फिरलो तो तिच्याच बरोबर, फेब्रुवारीतल्या एका सकाळी. आज वसईला येणारा माणूस स्टेशनवरून बस पकडतो, किल्ल्यात शिरतो, चिमाजी आप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो काढतो आणि भग्न कमानींतून हिंडून समुद्रावर जातो. शे-सव्वाशे एकरांचं ते गाव आहे, एवढं लक्षात घेतलं की पाय आपोआप सावकाश पडतात. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने हुमायूनच्या धास्तीने वसई पोर्तुगीजांना लिहून दिली, आणि पुढची दोनशे वर्षं दमणपासून चौलपर्यंतचा त्यांचा सगळा उत्तर मुलूख इथून हाकला गेला. गोव्याच्या खालोखाल मान वसईचा. जमिनीकडून भुई दरवाजा, पाण्याकडून सागरी दरवाजा, मधे रस्ते, चौक, कचेरी, इस्पितळ, आणि प्रत्येक पंथाच्या पाद्र्यांचा वेगळा मठ. फ्रान्सिस्कन आधी आले, मग जेझुइट, मग डोमिनिकन. सेंट जोसेफच्या चर्चच्या मनोऱ्यात अरुंद गोल जिना आहे. वर गेलं की माडांचा हिरवा पट्टा आणि पलीकडे किल्लेबंदर-पाचूबंदरच्या कोळ्यांच्या होड्यांवरचे बावटे दिसतात. खाली फरशीत थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरची अक्षरं शेकडो पावलांनी झिजली आहेत. नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं, अशी दोन देवळंही याच तटाच्या आत आहेत. नागेश्वरासमोरच्या तळ्याच्या काठी बसलं की मागे चर्चची भिंत असते आणि पुढे देवळाचं शिखर.

त्या सकाळी जेझुइटांच्या चर्चमध्ये मांडव घातला होता. छप्पर कधीच गेलेलं, पण दर्शनी भिंत आणि तिच्यावरचे खांब ताठ. तिथे गोन्सालो गार्सियाचा सण होता. त्याची गोष्ट गिरीजची आजी सांगायची तशी मी कुठेच वाचलेली नाही, कारण ती आईपासून सुरू करायची. "एक वसईची बाई होती. नवरा फिरंगी शिपाई. मुलगा झाला. तो शिकला, हुशार निघाला, समुद्रापार गेला, आणि तिला परत दिसला नाही." मुलाचा जन्म साधारण १५५६चा. शिक्षण याच जेझुइटांकडे. पुढे व्यापारात पैसा मिळवला, मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कनांत बंधू झाला, आणि जपानी भाषा येत असल्याने १५९३मध्ये जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यात हा वसईचा मुलगा होता. १८६२ साली रोमने त्याला संत ठरवलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो. मांडवात मराठी गाणी चालली होती, माणसं चटयांवर बसली होती, कोणी पान लावत होतं. आजी भिंतीला टेकून म्हणाली, "आईचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही बघ." तिला त्याचं फार वाईट वाटत असे. मलाही वाटतं. या किनाऱ्यावर असल्या किती बायका असतील, ज्यांच्या पोटची मुलं जगाच्या इतिहासात गेली आणि त्यांची नावं एका वहीतही उरली नाहीत.

पुढे नोकरीनिमित्त गोव्याला गेलो तेव्हा जुन्या गोव्यातलं बॉम जेझुसचं चर्च पाहिलं. अंग सगळं जांभ्याचं, आणि दर्शनी भाग काळसर बेसॉल्टचा. तो दगड वसईचा. होड्यांतून समुद्रमार्गे नेलेला. लोक आत संत झेवियरच्या शवपेटीकडे जात होते आणि मी दाराशी दगडाला हात लावून उभा होतो. आमच्या गावाकडची माणसं ज्या दगडाच्या ओझ्याची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या करत आली, तो दगड १६०५पासून तिथे उभा आहे. त्या दिवशी मला आजीच्या रागाचं वजन कळलं.

इंग्रजांचा काळ आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात थोडक्यात उरकतो. १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत दिली, आणि १८०२च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून मराठी राज्याच्या गळ्यात फास अडकवला. आजोबा या तहावर दोन वाक्यांहून जास्त बोलत नसत. ज्या गावासाठी एका बाजीरावाच्या भावाने हजारो माणसं घातली, त्याच गावात दुसऱ्या बाजीरावाने सही केली. यापुढे काय बोलायचं? इंग्रजांनी रेल्वे आणली, आणि १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीला मुंबई परिसरातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायला सुरुवात केली. गिरीजच्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, "आम्ही वसईकर." तिथे विषय संपायचा.

आता अर्नाळा. हे बेट मला किल्ल्याहून जवळचं, कारण ते आमच्या अंगणातून, सुरूच्या झाडांच्या फटीतून दिसायचं. आज विरारहून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार मुंबईची झुंबड उडते. राजोडी, कळंब, नवापूर, भुईगाव, सगळीकडे रिसॉर्टं झाली आहेत. माणसं येतात, पाण्यात खेळतात, जेवतात, जातात. त्यात काही वाईट नाही, समुद्र सगळ्यांचा. पण बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात त्यांच्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, एक अख्खं बेट आहे आणि तिथे माणसं राहतात, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

वडिलांच्या ओळखीचा एक तांडेल आम्हाला त्या बेटावर न्यायचा. वाळूवरून चालत जायचं, गुडघाभर पाण्यात उतरायचं, चपला हातात धरायच्या आणि होडीच्या काठाला लोंबकळून आत पडायचं. बायका भाजीच्या टोपल्या, गॅसचं सिलिंडर, शाळेची पोरं, सगळं याच पद्धतीने चढवायच्या. तांडेल कमी बोलायचा, पण बोलायचा ते भरती-ओहोटीच्या भाषेत. उधाणाला काय झालं, भांगेला काय झालं. इतिहास त्याला साल-तारखेत माहीत नव्हता. कुठल्या वाऱ्याला कोण आलं, एवढं माहीत होतं.

अर्नाळ्याचा कोट सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानांच्या काळात उभा राहिला. मग तो पोर्तुगीजांकडे गेला. त्याआधी त्यांनी आमची अगाशी जाळली होती, कारण अगाशीला मोठी जहाजं बांधली जात आणि गुजरातच्या सुलतानाचं ते बळ होतं. अगाशीला आज जहाजबांधणीची खूण सांगायला एक ओंडकाही नाही. १७३७मध्ये मराठ्यांनी बेट घेतलं आणि कोट नव्याने बांधून काढला. उत्तरेच्या दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरले आहेत, वर देवनागरी शिलालेख आहे, त्यात बाजीरावांचं नाव आहे. आत शिरलं की तट वाऱ्याला अडवतो आणि एकदम शेताचा वास येतो. किल्ल्याच्या पोटात लोक भाजीपाला पिकवतात. अष्टकोनी तळं आहे, महादेव आहे, भवानी आहे, दर्गा आहे. चारी बाजूंना खारं पाणी आणि त्या तळ्यात गोडं. दक्षिणेला, कोटापासून सुटा, एकटा गोल बुरूज समुद्राकडे तोंड करून उभा आहे. लहानपणी मला तो कोणावर तरी रुसून बाहेर गेल्यासारखा वाटायचा.

"तुमचा मास्तर सांगतो मराठ्यांनी बेट घेतलं," तांडेल एकदा म्हणाला. "घेतलं, खरं. पण मराठे पोहत आले काय? ज्यांनी होड्या लावल्या त्यांचं नाव दगडावर आहे?" त्याच्या घराण्यात सांगत की त्या रात्री होड्या कोळ्यांनी वल्हवल्या. वल्ह्यांना कापडं गुंडाळली होती, म्हणजे पाण्याचा आवाज होऊ नये. त्यांतली एक होडी त्याच्या खापरपणज्याच्याही आजाची. मी ही गोष्ट घरी येऊन आजोबांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कपाटातून आपली वही काढली, वसईच्या मोहिमेची टिपणं होती त्या पानावर, अर्नाळ्याच्या ओळीसमोर, बारीक अक्षरांत लिहिलं, 'होड्या कोळ्यांच्या.' त्या दोन शब्दांसाठी मला माझ्या आजोबांचा आजही अभिमान वाटतो.

तांडेलाने मला आणखी एक जागा दाखवली होती. बेटाच्या पश्चिमेच्या काठावर उभं राहून त्याने पाण्यात बोट दाखवलं आणि म्हणाला, "तिथे माझ्या बापाचं घर." तिथे लाट फुटत होती. समुद्र दर पावसाळ्यात बेटाचा काठ खातो. घरं मागे सरकतात, पुन्हा पाणी येतं. किनाऱ्यांवरून वाळू उपसून ट्रक भरले गेले, तेव्हापासून हे जास्त झालं असं तिथली माणसं ठामपणे सांगतात, आणि समुद्र त्यांच्याइतका रोज कोणी पाहत नाही. बंधारा पाहिजे म्हणून ती वर्षानुवर्षं मागणी करत आली आहेत. कोटाची दगडी भिंत जपायला पुरातत्त्व खातं आहे. तांडेलाच्या बापाच्या घराला कोण होतं?

आमच्या वाड्यांचंही असंच. वसईची केळी, पान, फुलं पूर्वीपासून मुंबई बाजारात. अगाशीची सुकेळी अजून कुठे कुठे मिळते: पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखा रंग आला की सुक्या सोपात बांधायची. माझी आजी आणि गिरीजची आजी दोघी बाजू बाजूला बसून ती बांधायच्या. आता राजेळीची झाडं कमी आणि वाळवायला अंगणं त्याहून कमी.

पण मला खरं बोलायचं आहे ते बावखलांबद्दल, कारण म्हाताऱ्यांच्या सगळ्या गोष्टी शेवटी तिथेच येऊन थांबायच्या. पूर्वी घर बांधायचं तर जोत्याला माती लागायची. ती आपल्याच वाडीतून खणून काढायची. त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठायचं, ते बावखल. पाणी हळूहळू जमिनीत मुरायचं, विहिरीला गोडं पाणी राहायचं, आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरायला धजायचं नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर माणसं गोडं पाणी पीत, केळी लावत, पानवेल चढवत, ती या खड्ड्यांच्या जिवावर. काठावर करंज, उंबर, भेंड. पोरं त्यात पोहायला शिकायची, म्हशी त्यात बसायच्या, गौरी-गणपती त्यात विसर्जित व्हायचे, ख्रिस्ती लग्नातला उंबराच्या पाण्याचा विधी त्याच्याच काठी व्हायचा. किल्ल्याला राजे होते, लढाया होत्या, इतिहासकार होते. बावखल कोणी जिंकलं नाही, म्हणून त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. पण सुलतान, फिरंगी, पेशवे आणि इंग्रज या चारी राजवटींना याच पाण्याने पोसलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथलं भूजल टँकरने उपसून नेलं जाऊ लागलं आणि इमारतींचं वारं सुटलं, तेव्हा वसईची माणसं रस्त्यावर उतरली. त्या हरित वसईच्या चळवळीच्या पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, आणि पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्या मोर्च्यांत लाल लुगडीही होती आणि नऊवारीही. आजोबा तेव्हा थकलेले. त्यांना खुर्चीत बसवून नाक्यावर नेलं होतं. चळवळीने बरंच वाचवलं. तरी पुढच्या वर्षांत एकेक बावखल भरावाखाली गेलं. जमिनीचा भाव चढला की खड्डा म्हणजे फुकट गेलेली जागा वाटू लागते. जुलै २०१८मध्ये चार दिवस पाऊस कोसळला आणि वसई-विरार पाण्याखाली गेलं. रेल्वे रुळांवर पाणी, घराघरांत पाणी, दिवस दिवस वीज नाही, मिठागरांवरची माणसं अडकलेली. त्या वेळी गिरीजच्या आजीच्या नातवाने मला फोन केला होता. त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. ती इमारत जिथे उभी आहे तिथे आजीच्या वाडीचं बावखल होतं. पाणी आपल्या जुन्या जागी आलं होतं, इतकंच.

आजोबा, आजी, गिरीजची आजी, तांडेल, आता कोणी नाही. त्यांच्या गोष्टींतलं जेवढं कागदांशी ताडून पाहता आलं तेवढं मी पाहिलं आणि तारखा घातल्या. उरलेलं त्यांच्या शब्दावर लिहिलं आहे.

वसईला जरूर या. फेब्रुवारीत आलात तर गोन्सालोचा सण पाहा, किल्ल्यात नागेश्वरासमोर थोडं बसा, ओहोटी बघून अर्नाळ्याच्या बेटावर जा आणि होडीवाल्याला त्याचं जुनं घर कुठे होतं ते विचारा. आणि तुम्ही इथे घर घेणार असाल, किंवा तुमच्या वाडीत अजून एखादं बावखल शिल्लक असेल, तर हात जोडून सांगतो, ते बुजवू नका. गाळ काढा, काठाला उंबर लावा आणि पुढच्या पावसाला भरू द्या.